पत्र्याची दहा वर्षांची वॉरंटी : कंपनीकडून खात्री कशी करून घ्याल?

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या किनारपट्टीवर कौलं गेलेल्या कितीतरी घरांवर रंगीत पत्रे चढले. दुकानदार सांगतो, "दहा वर्षं वॉरंटी आहे, बिनधास्त राहा." आखातातून मुलगा पैसे पाठवतो, गावात अब्बा ते फॅब्रिकेटरच्या हातात ठेवतात, आणि कागद कुणीच मागत नाही. तीन-चार पावसाळ्यांनी स्क्रूभोवती गंज धरला की मग शोधाशोध सुरू होते.

आधी वॉरंटी नक्की कोणाची, ते बघा. एक कंपनी पोलादाची कॉइल बनवते, तिच्यावर जस्ताचा किंवा ॲल्युमिनियम-जस्ताचा थर आणि रंग चढवते. अनेकदा दुसराच कारखाना त्या कॉइलला आकार देऊन पत्रे कापतो. विक्रेता तिसरा, बसवणारा चौथा. तक्रार आली की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. म्हणून विकत घेण्याआधीच विचारा: प्रमाणपत्रावर कोणत्या कंपनीचं नाव असेल?

पत्रा आला की उलटा करून पाहा. चांगल्या कंपन्या मागच्या बाजूला नाव, जाडी आणि थराचा दर्जा छापतात. 'एझेड १५०' म्हणजे दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला १५० ग्रॅम थर. जाडीत एक गोम आहे. ०.५० मिमी हा आकडा रंगासकट आहे की नुसत्या पोलादाचा, हे विचारल्याशिवाय कळत नाही. छापील मजकुराचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा.

मग कंपनीला लिहा. नंबर किंवा ईमेल विक्रेत्याच्या कार्डावरून घेऊ नका, कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरून घ्या. बिल, फोटो, गावाचं नाव आणि घर समुद्रापासून किती अंतरावर आहे हे स्पष्ट कळवा. हे अंतर कोकणात फार महत्त्वाचं, कारण खाऱ्या हवेतल्या घरांना काही वॉरंटी लागूच होत नाहीत किंवा त्यांची मुदत कमी होते. अंतर लपवून मिळालेला कागद दाव्याच्या वेळी कामाचा नाही. नोंदणी करावी लागते का, किती दिवसांत, हेही लेखीच विचारा. फोनवरचं "हो, हो" पुराव्यात धरू नका.

बिल कोणाच्या नावावर आहे? पैसे मुलाचे, घर वडिलांचं आणि बिल फॅब्रिकेटरच्या नावाचं, असं आपल्याकडे सर्रास होतं. घरमालकाच्या नावाचं जीएसटी बिल घ्या. थोडी रक्कम वाचवायला कच्चं बिल घेतलं, तर ती वॉरंटी जवळपास सोडून दिल्यासारखीच आहे.

अटी वाचताना 'रंग फिका पडणे' आणि 'गंजून भोक पडणे' यांची मुदत वेगवेगळी असू शकते, ते पाहा. ग्राइंडरने पत्रा कापला तर ठिणग्यांनी थर जळतो, कंपनी त्यावर बोट ठेवते. ओलं सिमेंट लागणं, चुकीचे स्क्रू, आत कोंबड्यांचं खुराडं, हेही वगळलेल्यांत असू शकतं. वादळात उडालेल्या पत्र्यांची भरपाई वॉरंटीतून सहसा मिळत नाही. त्यासाठी तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा लागतो.

कंपनीने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यानेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी मुंबईची असो वा दिल्लीची. मालाची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, त्यामुळे "पुढच्या सुट्टीत आलो की बघू" म्हणत बसू नका. गंज दिसला त्याच आठवड्यात तारखेसह फोटो काढून कंपनीला ईमेल करा.