कलापूरची माती आणि शाळेचा तास

मृगाच्या सरी पडल्या की कोल्हापुरातल्या कुंभार गल्ल्यांमध्ये मातीचे बैल दिसू लागतात. ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर आणि पुढे आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर, असे दोन्ही बेंदूर पाळणारा हा मुलूख. गोठ्यात जित्राब असलेले शेतकरी बैलांची शिंगे रंगवतात. ज्यांच्या दारी बैल नाही, ते मातीची जोडी विकत आणून पाटावर पूजतात. मग श्रावणात नागोबा, भाद्रपदात गणपती, नवरात्रात घट, दिवाळीत पणत्या आणि किल्ल्यावरचे मावळे. इथल्या मुलांच्या हाती मातीच्या वस्तू वर्षभर येत राहतात. त्या घडवायच्या कुणी, हे मात्र फार काळ जन्मावरून ठरत होते.

या गावाचे मातीशी नाते किती जुने आहे, ते पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर उघड झाले. १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले. सातवाहन काळातली विटांची वस्ती, नाणी आणि मातीची भांडी वर आली. ब्रह्मपुरीची कीर्ती झाली ती तिथे सापडलेल्या समुद्रदेव पोसायडनच्या ब्राँझ मूर्तीमुळे. रोमन जगाशी असलेल्या व्यापाराचा तो लखलखीत पुरावा होता. पण रोजच्या जगण्याचा हिशेब सांगतात ती खापरे. टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात पोसायडन पाहायला आलेल्या शाळेच्या सहलीने मातीच्या वस्तूंपुढेही तेवढाच वेळ थांबायला हवे.

मडके घडवण्याचे हे ज्ञान पुढे कुंभाराच्या घरात राहिले. कोणत्या शेतातली माती घ्यायची, ती किती दिवस भिजवायची, लीद आणि राख किती मिसळायची, आवा कसा रचायचा, हे सगळे बाप मुलाला कामातूनच शिकवी. कुंभार बारा बलुतेदारांपैकी एक. गावाला मडकी पुरवायची आणि सुगीत धान्याच्या रूपाने बलुते घ्यायचे, असा रिवाज. या व्यवस्थेने कसब पिढ्यान्‌पिढ्या टिकवले हे खरे, पण तिने त्याला कुंपणही घातले. कुंभाराच्या पोराला चाक सोडता येईना आणि इतरांच्या पोरांना ते धरता येईना.

कुंपण मोडायला सुरुवात झाली ती कोल्हापूर संस्थानातच. राजर्षी शाहू महाराजांनी बलुतेदारी बंद केली आणि कुणालाही कोणताही व्यवसाय करण्याची मोकळीक दिली. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला. कुंभाराचे, कुणब्याचे, चांभाराचे आणि वकिलाचे मूल एका पटावर येण्याची वाट यातून खुली झाली.

त्याच सुमारास शाळेबाहेर दुसरे एक शिक्षण जोरात होते. बाबूराव कृष्णराव मेस्त्री म्हणजेच बाबूराव पेंटर यांचा जन्म १८९० चा. कोणत्याही कलाशाळेत न जाता ते वडिलांच्या कारागिरीत वाढले. चुलतभाऊ आनंदराव यांच्याबरोबर त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले, पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. चित्रपटांमुळे त्यांचे नाव देशभर झाले, तरी शिल्पकाम त्यांनी सोडले नाही. शिवाजी चौकातला छत्रपतींचा अर्धपुतळा त्यांच्याच हातचा.

पुतळ्यांच्या या शहरात एक गोष्ट सहज विसरली जाते. ब्राँझचा पुतळा आधी मातीत घडतो. नाकाचा उंचवटा, फेट्याची चुणी, कपाळावरची आठी हे सारे शिल्पकाराची बोटे ओल्या मातीत ठरवतात; साचा आणि ओतकाम नंतरचे. कोल्हापूरला कलापूर म्हणतात, त्या लौकिकाच्या तळाशी हा चिखल आहे.

मातीला शाळेत आणले ते मात्र चित्रकारांनी किंवा शिल्पकारांनी नव्हे. लहान मुलाला माती द्यावी, हा विचार जर्मनीत फ्रोबेलने मांडला. १८३७ मध्ये त्याने लहान मुलांसाठी संस्था सुरू केली, तिचेच पुढे बालोद्यान झाले. त्याच्या हस्तव्यवसायांत मातीकामाला जागा होती. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी माँटेसोरीची महागडी साधने बाजूला ठेवून बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत पाने, बिया, शिंपले आणि माती वापरली. फ्रोबेलच्या प्रयोगानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाचा कणा मानले. शाळांत त्याची ओळख मुख्यतः टकळीपुरती राहिली, पण हाताने काम करणे म्हणजे अभ्यास बुडवणे नव्हे, ही गोष्ट निदान कागदावर मान्य झाली.

त्यापुढच्या पावलात कोल्हापूर जिल्ह्याचा हात आहे. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेले जे. पी. नाईक गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत होते. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव. कार्यानुभव हा सर्व शिक्षणाचा भाग असावा, ही त्या आयोगाची महत्त्वाची शिफारस. महाराष्ट्राच्या वेळापत्रकात ‘कार्यानुभव’ नावाचा तास आला आणि कागदकामाच्या शेजारी मातीकामही बसले.

कोल्हापुरात कृतीतून शिकण्याची बाजू सर्वांत ठामपणे मांडली ती लीलाताई पाटील यांनी. ना. सी. फडके यांच्या या कन्येने आयुष्यभर शिक्षक घडवण्याचे काम केले आणि निवृत्तीनंतर १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केले. स्पर्धा आणि घोकंपट्टी यांना फाटा देऊन मुलाच्या अनुभवातून शिकवता येते, हे त्यांनी चालत्या मराठी शाळेत दाखवले.

मातीचा तास घ्यायचा तर शिक्षकाला तयारी आदल्या दिवशीच करावी लागते. माती चाळून खडे काढायचे, भिजवायची, मळायची आणि ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवायची. कोरडी राहिली तर ती भेगाळते, सैल झाली तर बैलाचे पाय वाकतात. पहिली-दुसरीची मुले गोळ्यात अंगठा दाबून वाटी करतात. तिसरी-चौथीची वळ्या एकावर एक रचून भांडे उभे करतात. शिंग किंवा शेपूट चिकटवायचे तर दोन्ही बाजू खरवडून मध्ये पातळ माती लावायची, नाहीतर वाळताना जोड सुटतो. वस्तू सावलीत वाळवायची. वजन, तोल, जाडी, ओलावा हे शब्द न उच्चारताही मूल त्यांच्याशी झटापट करते. घडवलेले आवडले नाही तर पुन्हा गोळा करता येतो. खोडरबराची गरज नाही.

आज हा तास बहुतेकदा गणेशोत्सवाच्या आधी जागा होतो. पंचगंगेच्या प्रदूषणाची चर्चा वाढली, कोल्हापुरात मूर्तिदानाची चळवळ रुजली आणि शाळाशाळांत शाडूच्या गणपतीच्या कार्यशाळा भरू लागल्या. उपक्रम चांगलाच आहे; पण शाडू येतो गुजरातेतून, आणि चतुर्थी झाली की माती पुन्हा कपाटाआड जाते. ‘बालभारती’च्या ‘खेळू, करू, शिकू’ या पुस्तकाने खेळ, कार्यानुभव आणि कला एकत्र आणल्या, तरी त्या शिकवायच्या कुणी हा प्रश्न उरतोच. शिक्षण हक्क कायद्याने कला आणि कार्यशिक्षणाच्या अंशकालीन निदेशकांची तरतूद केली ती सहावी ते आठवीसाठी, तीही शंभरावर पट असलेल्या शाळांत. पहिली ते पाचवीची माती वर्गशिक्षकांच्याच हाती आहे, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी ती अध्यापन पदविकेनंतर मळलेली नसते.

मार्ग दूरचा नाही. बापट कॅम्प, गंगावेश आणि शाहूपुरीतल्या कुंभार वस्त्या शहरातल्या अनेक शाळांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. बेंदराच्या आधी एखाद्या कारागिराला मानधन देऊन, पाहुणा म्हणून नव्हे तर शिक्षक म्हणून वर्गात बोलवावे आणि वर्गशिक्षकाने मुलांच्या शेजारी बसून त्याच्याकडून शिकावे. मुख्याध्यापकांनी येत्या जूनच्या वेळापत्रकातच तो तास लिहून टाकावा.