सड्यावरची रेघ आणि मळ्याचा बांध

राजापूरची खाडी समुद्राला मिळते त्या मुखाशी, यशवंतगडाच्या सावलीत वसलेल्या नाटे गावातून वर सड्यावर चढून गेले, म्हणजे शेतीच्या प्रारंभाचा शोध घेणाऱ्या मनुष्याची प्रथमदर्शनी निराशाच होते; कारण खाली वहाळाच्या काठी भाताचे मळे, उतारावर नाचणी-वरीची वरकस जमीन आणि घरांभोवती माडांची आगरे असे कसलेल्या भूमीचे नाना प्रकार नांदत असता, वर मात्र दूरवर जांभ्याचा उघडा कातळ पसरलेला दिसतो, ज्याची वासलात महसुली दप्तराने बहुतेक ठिकाणी पोटखराबा म्हणून लावून टाकली आहे. तथापि या प्रांतातील मानवी वास्तव्याची जी अतिप्राचीन निशाणी आज उघड्या डोळ्यांनी पाहता येते, ती नेमकी या नापीक कातळावर, कोरलेल्या चित्रांच्या रूपात आहे.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई या अभ्यासकांनी गावोगावचे गुराखी व वृद्ध यांच्याकडे चौकशी करीत, उन्हाळ्याच्या तापल्या सड्यांवर पायपीट करून जी कातळशिल्पे उजेडात आणली, त्यांच्यामुळे कोकणच्या इतिहासाचा पहिला अध्यायच नव्याने लिहावा लागणार आहे. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत दाखल झालेल्या कोकणातील नऊ स्थळांपैकी कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू व देवाचे गोठणे ही पाच एकट्या राजापूर तालुक्यातील आहेत. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मध्ये उभी असलेली मानवाकृती पाहावी, किंवा कशेळीचा सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती, ज्याच्या देहरेषेच्या आत इतर प्राण्यांची दाटी आहे, तो पाहावा. जांभ्याच्या खरबरीत पृष्ठात खोदलेल्या त्या रेषेवरून बोट फिरविले, तर हात न थरथरता एवढे प्रचंड वळण घेणाऱ्या त्या अज्ञात कारागिराविषयी अंतःकरणात आदर दाटून येतो.

या चित्रांत हत्ती आहे, गेंडा आहे, मासे आहेत. नांगर किंवा पेरणीचे दृश्य मात्र नाही. यावरून पुरातत्त्वज्ञ तेजस गर्गे यांनी ही निर्मिती शिकारीवर जगणाऱ्या समाजाची असावी असे अनुमान बांधले. काळाविषयी विद्वानांत अद्याप एकमत नाही, आणि त्याचे कारण या भूमीच्या घडणीतच आहे.

ते कारण कळण्यासाठी इतर प्रांतांकडे पाहावे. विदर्भात पुरातत्त्वाचे काम निराळ्या रीतीने चालले. नागपूरजवळ जुनापाणी येथे मोठ्या धोंड्यांची वर्तुळे असून त्यांच्या पोटात दगडगोट्यांची रास रचलेली असते. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अंमलदाराने एकोणिसाव्या शतकात ती प्रथम खणली. पुढे पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी व नायकुंड येथे पद्धतशीर उत्खनने केली, तेव्हा त्या राशींखाली लोखंडी हत्यारे आणि पुरलेले घोडेही सापडले. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टी हाती लागली. विदर्भाबाहेर, पश्चिम महाराष्ट्रातील शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे पंधरा वर्षे खणून जोर्वे संस्कृतीच्या शेतकऱ्यांची घरे, त्यांनी पिकविलेला जव आणि पाणी वळविण्यासाठी खोदलेला पाटही उजेडात आणला. या सर्व ठिकाणी मातीने एकावर एक थर रचून काळाचा हिशेब सांभाळून ठेवला होता. सड्यावर तो हिशेब वाऱ्यापावसाने धुऊन नेला. तेथे रेघ उरली, तिच्यासोबतचा कोळसा, हाड वा खापर बहुधा उरले नाही.

म्हणूनच माझे मत असे, की कोकणातील आद्य शेतीचा शोध केवळ सड्यावर न करता त्याच्या कडेला, जेथे वरून वाहून आलेली माती मळ्यात साचते तेथे, थरांच्या क्रमाने केला पाहिजे. उतारावरचे दगड वेचून रचलेले गडगे आणि दळ्यांचे बांध यांची आपण कधी मोजदादच केली नाही. भाजावळ करून नाचणी पेरणाऱ्या कुणब्याच्या पूर्वजांनी पहिला दगड केव्हा बाजूला सारला, हे सांगणारा पुरावा असलाच तर अशाच एखाद्या बांधाच्या तळाशी असेल, आणि शिकाऱ्याच्या चित्राला शेतकऱ्याच्या बांधाशी जोडणारा दुवाही तेथेच मिळण्याचा संभव अधिक.

परंतु त्या शोधाला अवधी किती मिळणार, ही चिंता आहे. हापूस व काजू यांच्या लागवडीसाठी कातळात सुरुंग लावून खड्डे पाडायचे आणि त्यांत बाहेरून आणलेली माती भरायची, ही रीत आता सर्वत्र रूढ झाली आहे. चिरेखाणींनी तर सड्यांचे तुकडेच्या तुकडे उचलले. शेतकऱ्याच्या उपजीविकेला कोणी हरकत घेऊ नये, आणि मीही घेत नाही. विनंती एवढीच, की सुरुंगाचे भोक पाडण्यापूर्वी जमीनमालकाने गवत व माती झाडून कातळ एकवार डोळ्यांखालून घालावा, रेघ दिसल्यास काम थांबवून पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयास कळवावे, आणि ग्रामपंचायतीने त्या जागेची नोंद आपल्या दप्तरी करून घ्यावी.