मडकं सापडलं, पण हात थांबला



इंग्लंडमध्ये धातू शोधायचं यंत्र घेऊन शेतं धुंडाळायचा छंद अनेकांना आहे. जमीनमालकाची परवानगी काढायची, यंत्र फिरवायचं आणि आवाज आला की खणायचं. पुष्कळदा हाती लागतं ते नुसतं शिसं: बंदुकीची गोळी, एखादं वजन, नाहीतर सूत कातायच्या चातीला लावलेली भोकाची चकती. शिसं लोखंडासारखं गंजून जात नाही, म्हणून कुण्या बाईच्या रोजच्या कामाची ही खूण टिकून राहते.

२०१० सालच्या एप्रिलमध्ये सॉमरसेट परगण्यात, फ्रोम गावाजवळ, डेव्ह क्रिस्प नावाच्या छांदिष्टाला मातीत रोमन नाणी दिसली. थोडं खणल्यावर मडक्याचा काठ लागला. आत नाणीच नाणी! मोह कुणाला झाला नसता? पण त्यांनी खणणं थांबवलं, खड्डा बुजवला आणि पुरातत्त्वाच्या माणसांना बोलावलं.

त्यांनी मडकं थराथराने रिकामं केलं. नाणी निघाली ५२,५०३; वजन सुमारे १६० किलो. त्यांत कराऊसियस या सम्राटाची नाणी सर्वांत अलीकडची. वर्षानुवर्षं भरलेला गल्ला असता, तर ती वरच सापडायला हवी होती. पण ती बरीचशी सापडली अर्ध्याच्या खाली! म्हणजे नाणी एकाच वेळी ओतली असावीत. ही एका घराची बचत नसून अनेकांनी मिळून देवाला वाहिलेलं दान असेल, असं अभ्यासकांनी सुचवलं. क्रिस्प यांनी घाईने सगळं उपसलं असतं, तर नाणी राहिली असती, पण ही गोष्ट हरवली असती. पुढे संग्रहालयाने ३,२०,२५० पौंड मोजून तो ठेवा घेतला.

आपल्याकडेही सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली होती. त्या काळी भडोच बंदरात परदेशी शिसं उतरत असल्याची नोंद एका जुन्या ग्रीक ग्रंथात आहे. तेव्हा विहीर खणताना किंवा घराचा पाया काढताना आपल्यालाही असं काही सापडू शकतं. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

म्हणून मैत्रिणींनो, मडकं लागलं तर फोडू नका, नाणी घासून चकचकीत करू नका, वाटून घेऊ नका. जिथे आहे तिथेच राहू द्या आणि कळवा. नाण्याची किंमत सोनार सांगेल; त्याची गोष्ट मात्र ते ज्या जागी होतं ती जागाच सांगते.