मेळघाटातील श्रवणतपासणी : निवडीचा इतिहास

सातपुड्याच्या रांगा आणि तापीचे खोरे यांत वसलेल्या, अमरावती जिल्ह्याच्या मेळघाट भागातील धारणी तालुक्यात कमी ऐकू येणाऱ्या माणसाने कोणाकडे जावे, या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ गावातच मिळत असे. येथील वस्ती प्रामुख्याने कोरकू असून, या समाजात भूमका म्हणजे गावाचा पुजारी व उपचारक, आणि पडियार म्हणजे आजारामागचे दैवी कारण सांगणारा जाणता, यांना मान होता. त्यांच्या उपचारांनी बहिरेपण हटत होते असे म्हणता येणार नाही. परंतु रोग्याची बोली, त्याचे घर आणि त्याची भीती त्यांना ठाऊक होती आणि पुन्हा गरज पडली तर ते जवळच भेटत असत. या दोन गोष्टी पुढे आलेल्या शास्त्रीय व्यवस्थेला सहजासहजी देता आल्या नाहीत.

ते शास्त्रही फार जुने नाही. 1711 मध्ये जॉन शोअर या इंग्रज तुतारीवादकाने वाद्ये सुरात लावण्यासाठी घडवलेला नादकाटा एकोणिसाव्या शतकात वैद्यांच्या हाती आला आणि 1855 मध्ये हाइनरिख रिने या जर्मन वैद्याने हवेतून व कानामागच्या हाडातून ऐकू येणाऱ्या नादांची तुलना करून, दोष कानाच्या बाहेरच्या व मधल्या भागात आहे की आतल्या भागात व नसेत, हे ओळखण्याची रीत सांगितली. विजेवर चालणारा ऑडिओमीटर, म्हणजे वेगवेगळ्या पट्टीचे नाद मोजून ऐकवणारे यंत्र, विसाव्या शतकात रूढ झाले. आणि दुसऱ्या महायुद्धात श्रवणशक्ती गमावलेल्या अमेरिकी सैनिकांच्या पुनर्वसनातून श्रवणतज्ज्ञ हा स्वतंत्र व्यवसाय आकाराला आला. भारतात मुंबईत कर्णबधिरांची शाळा 1885 मध्येच निघाली होती, पण श्रवणतज्ज्ञ घडवणारी अखिल भारतीय संस्था म्हैसूरला 1965 मध्ये आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 मध्ये स्थापन झाली.

या व्यवसायाला कायद्याची चौकट मिळाली ती भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, 1992 मुळे. या कायद्याने श्रवणतज्ज्ञांची केंद्रीय नोंदवही निर्माण झाली आणि निवडीची पहिली कसोटी रुग्णाच्या हाती आली. कानातून पू येणे, पडदा फाटणे यांवर औषध वा शस्त्रक्रिया करणारा तो कान-नाक-घसा तज्ज्ञ. ऐकण्याची पातळी डेसिबल या एककात मोजून योग्य श्रवणयंत्र सुचवणारा व ते जुळवून देणारा तो श्रवणतज्ज्ञ. आणि लोक ज्याला कानाची मशीन म्हणतात ती केवळ विकणारा तो दुकानदार. हा भेद लक्षात घेतला नाही, तर तपासणीविना घेतलेले यंत्र आवाज नुसता मोठा करते, शब्द स्पष्ट करत नाही.

मेळघाटात दुसरी कसोटी भाषेची आहे. नाद ऐकू आला की बोट वर करण्याच्या तपासणीत सूचना समजली की भागते. मात्र उच्चारलेले शब्द कितपत कळतात हे पाहणारी वाक्-श्रवण तपासणी रुग्णाच्या ओळखीच्या शब्दांवरच उभी असते. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा, मराठी-हिंदीहून सर्वस्वी वेगळी. म्हणून मराठी शब्द न समजल्यामुळे चुकलेले उत्तर बहिरेपणाच्या खात्यात जमा होण्याचा धोका असतो. तान्ह्या बाळांच्या बाबतीत हा अडसर नसतो, कारण कानाच्या आतील भागातून उमटणारे सूक्ष्म प्रतिध्वनी मोजणारी, 1978 मध्ये डेव्हिड केम्प यांच्या शोधातून निघालेली तपासणी बाळाकडून उत्तराची अपेक्षाच करत नाही.

तिसरी कसोटी अंतराची. राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम 2006-07 मध्ये सुरू झाला आणि 2013 मध्ये पालघरहून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने जन्मजात बहिरेपणाचा समावेश मुलांच्या तपासणीत केला, तरी संशय येणे आणि उपचार पूर्ण होणे यांच्यामध्ये धारणी ते अमरावती हा परतवाड्यावरून जाणारा, सुमारे दीडशे किलोमीटरचा घाटरस्ता उभा राहतो. श्रवणयंत्र एकदा बसवून काम संपत नाही. कानाच्या मापाचा साचा बदलावा लागतो, आवाजाची पातळी पुन्हा जुळवावी लागते, बॅटरी संपते. त्यामुळे फिरत्या शिबिरात मिळालेले यंत्र, त्यामागे पुढची भेट ठरलेली नसेल तर, पेटीत पडून राहण्याची शक्यता अधिक.

धारणीच्या माणसासाठी योग्य श्रवणतज्ज्ञ म्हणजे सर्वांत मोठ्या शहरातला वा सर्वांत महाग यंत्र देणारा नव्हे. ज्याचे नाव नोंदवहीत आहे, जो स्वतः किंवा दुभाष्याच्या मदतीने कोरकूत विचारतो आणि दुसऱ्या भेटीची तारीख पहिल्याच भेटीत देतो, तो योग्य. यांपैकी नोंदणी कायद्याने दिली. उरलेल्या दोन गोष्टी भूमक्याकडे पूर्वीपासून होत्या, आणि त्या आत्मसात केल्यावाचून या डोंगरांत श्रवणोपचार रुजणार नाही.