पोलिसांच्या दिव्याचा रंग

रात्रीच्या अंधारांत सत्तेची ओळख दिव्यानें पटावी, ही चाल आपल्याकडे फार जुनी आहे. सरदाराच्या पालखीपुढें मशालजी धांवत, आणि मशालीचा उजेड दिसतांच वाटेवरील माणूस बाजूला होई. त्या उजेडाचे हेतु दोन होते. भोयांना वाट दिसावी हा एक. आणि पालखींत कोण बसला आहे हें लोकांनीं जाणावें हा दुसरा. पहिला हेतु उपयोगाचा, दुसरा मानाचा. पोलिसांच्या गस्तीच्या मोटारीवर कोणत्या रंगाचा दिवा असावा, या प्रश्नाचा इतिहास पाहूं गेल्यास तो या दोन हेतूंच्या झगड्याचाच इतिहास आहे, असें आम्हांस वाटतें.

वऱ्हाडच्या लोकांस रंगांची भाषा शिकविली ती मुख्यत्वें आगगाडीनें. मूर्तिजापुराहून यवतमाळकडे जाणारी अरुंद मार्गाची गाडी, जिला लोक मायेनें शकुंतला म्हणत, ती आजच्या वाशीम जिल्ह्यांतील कारंज्यावरून जात असे. तांबडा म्हणजे थांबा, हें अक्षरशत्रूलाहि आगगाडीमुळें कळलें. परंतु रंगांचे हे अर्थ निसर्गानें लावून दिलेले नाहींत. इंग्लंडांत आरंभीं पांढरा दिवा म्हणजे मार्ग मोकळा, आणि हिरवा म्हणजे सावध, अशी रीत होती. पुढें असें आढळलें कीं, तांबडी कांच फुटून पडली तर धोक्याचा दिवा पांढरा दिसतो आणि चालक बेधडक पुढें जातो. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोकळ्या मार्गाचा रंग हिरवा ठरूं लागला. तात्पर्य, रंग निवडतांना तो दिसेल कीं नाहीं एवढेंच पाहून भागत नाहीं. तो चुकीचा वाचला गेल्यास काय होईल, हेंहि पाहावें लागतें.

मोटारींच्या बाबतींत हा विवेक आपल्या देशांत पुष्कळ काळ सुटला. तांबडा दिवा धोक्याचा खरा. पण तो अधिकाराचें भूषण होऊन बसला. कोणत्या गाडीस कोणता दिवा, हें केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०८ व्या नियमान्वयें ठरे. तथापि मानकऱ्यांच्या याद्या लांबतच गेल्या, आणि मराठींत ‘लाल दिवा मिळणें’ याचा अर्थच मंत्रिपद मिळणें असा रूढ झाला. अखेर १० डिसेंबर २०१३ रोजीं ‘अभयसिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य’ या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, तांबडा दिवा केवळ उच्च घटनात्मक पदाधिकाऱ्यांस असावा. पोलीस, अग्निशामक दल व रुग्णवाहिका यांनीं निळा, पांढरा किंवा अनेकरंगी दिवा वापरावा. पुढें १९ एप्रिल २०१७ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें मानाचे दिवे काढून टाकण्याचें ठरविलें, व १ मे २०१७ पासून तें अंमलांत आलें. त्या वेळच्या दुरुस्तीनें तांबडा, निळा व पांढरा असा मिश्र प्रकाश आणीबाणीच्या कामावरील वाहनांकडे आला. मानाचा हेतु हरला, उपयोगाचा जिंकला.

आतां निळाच कां, हा प्रश्न राहतो. पुर्किन्ये या बोहेमियन शास्त्रज्ञाच्या ध्यानांत आलें होतें कीं, संध्याप्रकाशांत तांबडीं फुलें काळवंडतात आणि निळीं उजळ दिसूं लागतात. कारण अंधारांत डोळ्याची संवेदना निळ्या-हिरव्या रंगाकडे झुकते. जर्मनींत १९३८ सालीं आणीबाणीच्या वाहनांस निळा दिवा नेमून दिला गेला. मात्र जुन्या तापतारेच्या दिव्यापुढें निळी कांच धरली म्हणजे बहुतेक प्रकाश कांचेंतच जिरत असे. ही अडचण दूर केली ती जपानी शास्त्रज्ञांनीं. १९९३ सालीं नाकामुरा यांनीं तेजस्वी निळा एलईडी सिद्ध केला. या शोधासाठीं आकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांस २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. निकाल आला तेव्हां साधन तयार होतें.

या साऱ्याचा वाशीमशीं संबंध काय, असें कोणी विचारील. १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा एके काळीं आडबाजूचा समजला जाई. ११ डिसेंबर २०२२ रोजीं समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला, आणि कारंजा, मंगरूळपीर व मालेगांव या तालुक्यांतून ताशीं १२० किलोमीटर वेगाची वाहनें रात्रंदिवस धांवूं लागलीं. या वेगानें गाडी एका सेकंदांत ३३ मीटर जाते. चालकाला उमजण्यास तीन सेकंद लागले, तर तेवढ्यांत १०० मीटर सरले. उलटलेल्या मालमोटारीपाशीं पोलिसांची गाडी उभी आहे. तिच्यावर नुसताच तांबडा दिवा असेल, तर दुरून तो पुढें चाललेल्या गाडीच्या मागच्या दिव्यासारखा दिसेल. निळा तसा दिसत नाहीं, कारण इतर वाहनांस तो रंगच नसतो. पण निळाहि अति प्रखर झाला तर डोळे दिपतात, आणि गाडीपाशीं उभा असलेला शिपाईच दिसेनासा होतो. यास्तव रंगांचें मिश्रण आणि रात्रीं तेजाला आळा, हे दोन्ही आवश्यक.

परंतु शास्त्रानें निवडलेला रंगहि समाजानें राखला तरच टिकतो. हौसेखातर कोणीहि आपल्या मोटारीवर निळे दिवे लुकलुकावूं लागला, तर निळ्याचीहि गत तांबड्यासारखीच होईल. मशालीपुढें माणूस बाजूला होई तो बहुधा धाकानें. निळ्या दिव्यापुढें त्यानें बाजूला व्हावें तें या खात्रीनें, कीं पुढें कोणीतरी रस्त्यावर पडला आहे आणि ही गाडी त्याच्याकडे चालली आहे. ही खात्री एकदां गेली तर ती कोणत्याहि रंगानें परत आणतां येणार नाहीं.