कोको आणि हृदय

पनामाच्या किनाऱ्यालगतच्या सान ब्लास बेटांवर कूना लोक राहतात. १९४४ सालीं डॉ. कीन यांनीं त्यांचा रक्तदाब मोजला, तों त्यांच्यांत तो विकार जवळजवळ नाहींच असें आढळलें. हा वंशाचा गुण असेल काय? १९९७ सालीं हार्वर्डच्या डॉ. हॉलेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उत्तर दिलें: तेच लोक पनामा शहरांत राहूं लागले म्हणजे वयाबरोबर त्यांचाही रक्तदाब चढतो. बेटवासी रोज कोको पीत; तेव्हां लक्ष गेलें त्यांतील फ्लॅव्हॅनॉल द्रव्यांकडे. हीं द्रव्यें रक्तवाहिन्यांच्या अस्तरांत नायट्रिक ऑक्साइड वाढवून त्यांना सैल करितात.

२०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत शंभर निरोगी प्रौढांना महिनाभर हीं द्रव्यें दिलीं. रक्तदाब थोडा उतरला. परंतु २०२२ सालीं २१,४४२ वयस्क अमेरिकनांवरील मोठ्या चाचणीचा निकाल आला, तेव्हां हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांची एकूण संख्या खात्रीनें घटली असें म्हणतां आलें नाहीं. त्या विकारांनीं होणारे मृत्यू मात्र शेंकडा २७ नीं कमी दिसले; पण तो चाचणीचा मुख्य प्रश्न नव्हता.

आशा आहे, सिद्धि नाहीं. शिवाय कडवटपणा घालविण्यासाठीं अल्कलीची प्रक्रिया केलेल्या कोकोंत हीं द्रव्यें फारच थोडीं उरतात. म्हणून चॉकलेटची वडी आवडीनें खावी. औषध म्हणून खाऊं नये.