कर्टलंडचे मॉर्मन मंदिर : वास्तुविशारदाविना उभी राहिलेली इमारत



मॉर्मन पंथाच्या भारतातील पहिल्या मंदिराचे भूमिपूजन २०२० च्या डिसेंबरात येथे, बेंगळुरूत झाले. या ख्रिस्ती पंथाने आपले पहिले मंदिर बांधले ते १८३३ ते १८३६ या काळात, अमेरिकेतील ओहायो राज्याच्या कर्टलंड या लहान गावात. ते आजही उभे आहे. या पाठात आपण एकच प्रश्न घेऊ : वास्तुविशारद नाही, पैसा नाही, तरी ही इमारत कशी झाली?

पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी ईश्वरी आदेश म्हणून आतले माप सांगितले : ५५ फूट रुंद, ६५ फूट लांब आणि अशी दोन दालने एकावर एक. बाकीचे प्रश्न कारागिरांनी सोडवायचे होते. आधी विटांचा विचार झाला, पण त्या जमल्या नाहीत. मग सुमारे तीन किलोमीटरवरच्या खाणीतून वालुकाश्म आणला. सगळा दगड घडवत बसायला वेळ आणि पैसा नव्हता, म्हणून भिंती अनगड दगडात रचल्या. गवंडीकामाची देखरेख आर्टेमस मिलेट यांच्याकडे होती. त्या खडबडीत भिंतींवर गिलावा केला. त्यात काच आणि चिनी मातीच्या भांड्यांचा चुरा मिसळला आणि वर रेघा आखून घडीव चिऱ्यांचा भास निर्माण केला. आपल्याकडेही जुन्या चुन्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालत. जे हाताशी असेल त्यातून गिलाव्याला गुण आणायचा, हे दोन्हीकडे सारखेच.

आता दालनात चला. सामान्य चर्चमध्ये व्यासपीठ एका टोकाला असते. येथे दोन्ही टोकांना चढत्या पायऱ्यांची आसने आहेत, कारण पंथात पुरोहितांच्या दोन श्रेणी होत्या. मग लोकांनी तोंड कुठे करायचे? त्यासाठी कठड्यांच्या आत सरकवता येणारे बाक ठेवले. छतातून पडदे खाली सोडून दालनाचे चार भाग करता येत. त्यांचे दोर खांबांच्या पोकळीतून जात.

खिडक्यांच्या कमानी गॉथिक पद्धतीच्या, तर नक्षीचे लाकूडकाम अभिजात वळणाचे. परीक्षेत याला नुसते ‘मिश्र शैली’ म्हणून सोडू नका. त्या काळचे अमेरिकन सुतार छापील नमुना-पुस्तके पाहून काम करत. ॲशर बेंजामिन यांची पुस्तके त्यांत विशेष चालत. हे मिश्रण तेथून आले आहे.

२७ मार्च १८३६ रोजी मंदिराचे समर्पण झाले. बांधकामाचे कर्ज मात्र शिल्लक होते. १८३७ मध्ये पंथाची पतसंस्था बुडाली, फूट पडली आणि १८३८ मध्ये बहुतेक अनुयायी गाव सोडून गेले. ज्यांनी दगड वाहिले त्यांना ही वास्तू जेमतेम दोन वर्षे लाभली. पुढे ती पंथातून फुटलेल्या एका शाखेकडे दीर्घकाळ राहिली. मार्च २०२४ मध्ये ती मुख्य चर्चने विकत घेतली.

म्हणून जुनी इमारत पाहताना शैलीचे नाव शेवटी लिहा. आधी विचारा : दगड कुठून आला, घडवायला पैसा होता का आणि आत बसणाऱ्यांना तोंड कोणीकडे करायचे होते? आपल्या गावातील एखादे देऊळ, मशीद किंवा चर्च घ्या आणि या तीन प्रश्नांची उत्तरे एका पानात लिहा.